आई-बाबांना श्रॉपशर दाखवताना: चार दिवसांचा निवांत बेत

पुण्याच्या कॅम्पात कयानी बेकरीपुढे रांग लावून श्रूजबेरी बिस्किटं घेतलेला माणूस ते नाव जन्मभर विसरत नाही. पण हे नाव एका गावाचं आहे, ते गाव इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्सच्या सीमेजवळ आहे आणि बर्मिंगहॅमहून आगगाडीनं साधारण तासाभरात तिथे पोचता येतं, हे इथे दहा-पंधरा वर्षं राहिलेल्या मराठी घरांतही अनेकांना माहीत नसतं. त्या गावाभोवतीची सगळी काउंटी म्हणजे श्रॉपशर.

आई-बाबा उन्हाळ्यात इकडे आले की आपण त्यांना लंडन दाखवतो, एडिंबरा दाखवतो. पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरवतो. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. दुसऱ्या वर्षी त्यांना श्रॉपशरला नेलं, आणि परत गेल्यावर ते फोनवर ज्या गोष्टी शेजाऱ्यांना सांगत होते, त्या बहुतेक सगळ्या इथल्या होत्या. म्हणून हा बेत सविस्तर लिहिते आहे. सत्तरीतली माणसं, सोबत एखादं शाळकरी मूल आणि चार दिवसांची सवड असं धरून लिहिलं आहे. तुमच्याकडे दोनच दिवस असतील तर पहिला आणि दुसरा दिवस घ्या. चारही दिवसांचं दोन दिवसांत कोंबू नका.

कधी जायचं

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे सकाळी लवकर निघायची धावपळ लागत नाही. डोंगरावर जांभळा हेदर फुललेला पाहायचा असेल तर ऑगस्ट. हिवाळ्यात बऱ्याच जुन्या वास्तू फक्त शनिवार-रविवारी उघडतात, काही तर बंदच असतात. निघण्याआधी प्रत्येक ठिकाणाच्या वेळा त्या त्या संकेतस्थळावर पाहाच. हे काम आदल्या आठवड्यात करा, आदल्या रात्री नको, कारण आगाऊ तिकिटं बऱ्याचदा स्वस्त मिळतात.

मुक्काम आणि प्रवास

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. रोज सामान बांधणं वयस्कर माणसांना फार जड जातं. गाडी चालवणार नसाल तर श्रूजबरीतच राहा. तिथून दक्षिणेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चर्च स्ट्रेटन पंधराएक मिनिटांवर आहे, त्यापुढे क्रेव्हन आर्म्स आणि अर्ध्या तासावर लडलो. म्हणजे चारपैकी तीन दिवस आगगाडीनं जमतात. लंडनहून येणार असाल तर युस्टनहून निघून बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन किंवा क्रू इथे गाडी बदलावी लागते, अडीच-तीन तास धरा.

साठ वर्षांवरच्या माणसाला सिनियर रेलकार्ड काढता येतं आणि तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो, त्यामुळे फक्त भेटीला आलेल्या आई-बाबांसाठीही ते काढता येतं. चार-पाच महिने राहणार असतील तर पहिल्याच आठवड्यात काढा.

गाडी असेल तर अर्थातच मोकळीक जास्त. भारतीय परवान्यावर इथे बारा महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते आणि रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा हाताच्या गिअरच्या असतात, हवी असल्यास ऑटोमॅटिक आधी सांगून ठेवा. श्रॉपशरचे आतले रस्ते एका गाडीपुरते, दोन्हीकडे उंच कुंपणझाडी. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याच्या जवळ रुंद जागा असेल त्यानं मागे यायचं, आणि जाताना हात वर करून आभार मानायचे. ही रीत इथे मनापासून पाळतात, आपणही पाळावी. एक महत्त्वाचं: फिरता फिरता वेल्सची हद्द कधी लागली ते कळत नाही, आणि तिथे वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे.

डोंगरांच्या मधल्या दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधीच उतरवून घ्या. पायी फिरायची आवड असेल तर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा एक्सप्लोरर २१७ क्रमांकाचा कागदी नकाशा घ्या, लाँग मिंड आणि वेनलॉक एज या डोंगररांगांचा भाग त्यात येतो. बाबांना गुगलपेक्षा तोच जास्त आवडला. टेबलावर पसरून ते दोन संध्याकाळी त्यात बुडून गेले होते.

पहिला दिवस: श्रूजबरी

स्टेशनातून बाहेर पडलं की लाल दगडाचा किल्ला डोक्यावरच दिसतो. सेव्हर्न नदी या गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घालते, फक्त एक अरुंद चिंचोळी वाट जमिनीची उरते, आणि नेमका त्याच जागी हा किल्ला आहे. गावातून बाहेर पडणाऱ्या दोन जुन्या पुलांची नावं इंग्लिश ब्रिज आणि वेल्श ब्रिज. ज्या मुलखाकडे जातो त्याचं नाव पुलाला.

किल्ल्यावरून कॅसल स्ट्रीटनं चालत या. याच रस्त्यावर पॅलिन नावाच्या बेकरची आठवण सांगणारी पाटी आहे. श्रूजबरी केक तो इथे करायचा, आणि पाटीवर साल आहे १७६०. इथला श्रूजबरी केक म्हणजे खरं तर पातळ, खुसखुशीत बिस्किटच, अनेकदा लिंबाच्या सालीचा वास असलेलं. मात्र पुण्यासारखे त्याचे ढीग दुकानादुकानात दिसतील अशी अपेक्षा धरू नका, विचारून शोधावं लागतं. आईनं पाटीखाली उभं राहून फोटो काढून घेतला, तो आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरला.

समोरच जुन्या शाळेच्या इमारतीत आता वाचनालय आहे आणि दारात चार्ल्स डार्विनचा बसलेला पुतळा. डार्विनचा जन्म याच गावात १८०९ साली झाला आणि तो याच शाळेत शिकला. पुढे गल्ल्यांत शिरा. दोन रस्त्यांना जोडणाऱ्या बोळांना इथे 'शट' म्हणतात. बेअर स्टेप्सजवळची लाकडी चौकटीची घरं वरच्या मजल्यावर इतकी पुढे झुकली आहेत की समोरच्या खिडकीतून मीठ मागता येईल.

मग द स्क्वेअर. इथे थोडं थांबायला हवं, विशेषतः मराठी माणसानं. चौकात उभा असलेला पुतळा रॉबर्ट क्लाइव्हचा आहे. तो याच काउंटीत जन्मला, १७६१ पासून मरेपर्यंत श्रूजबरीचा खासदार होता, गावाचा महापौरही झाला. पुतळा १८६० साली बसवला. आपण शाळेत त्याचं नाव प्लासीच्या लढाईशी जोडून शिकतो. पण प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह आपल्या कोकणात होता. अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमारानं समुद्राकडून आणि क्लाइव्हच्या सैन्यानं जमिनीकडून विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्र्यांचं आरमार खाडीत जळून गेलं. पेशव्यांनी या मोहिमेत इंग्रजांशी हातमिळवणी केली होती, हे त्यातलं सगळ्यात बोचणारं. २०२० साली हा पुतळा हलवावा अशी मागणी झाली, शेवटी तो जागेवरच ठेवण्याचं ठरलं. मुलांना इथे उभं करून विजयदुर्गची गोष्ट सांगा. देवगडजवळच्या त्या किल्ल्यावर गेलेल्या मुलाला इंग्लंडच्या एका बाजारपेठेत त्याचा धागा सापडतो, आणि ते त्याच्या लक्षात राहतं.

दुपारी नदीकाठच्या क्वारी बागेत बसा. मधोमध डिंगल नावाची खोलगट फुलबाग आहे, बाकं भरपूर. उन्हाळ्यात वेल्श ब्रिजजवळून बोट सुटते, चालून दमलेल्यांना ती बरी. शक्ती उरली असेल तर गावाबाहेरची फ्लॅक्समिल पाहा. १७९७ साली बांधलेली ही तागासारख्या लांब तंतूंची, म्हणजे जवसाच्या सुताची गिरणी. लोखंडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभी राहिलेली ही जगातली पहिली इमारत. आजच्या गगनचुंबी इमारतींची ती आजी, आणि उद्याच्या दिवसाची उत्तम पूर्वतयारी.

दुसरा दिवस: आयर्नब्रिज

चार दिवसांतला एकच निवडायचा असेल तर हा. इथे रेल्वे स्टेशन नाही. टेलफर्ड सेंट्रलला उतरून बस घ्यावी लागते, म्हणून शक्य असेल तर या एका दिवसापुरती तरी गाडी घ्या.

क्रम असा ठेवा: आधी कोलब्रुकडेल, मग पूल, जेवण, आणि दुपारभर ब्लिस्ट्स हिल. उलटं केलं तर पूल नुसता फोटोपुरता उरतो.

कोलब्रुकडेलमध्ये अब्राहम डार्बीनं १७०९ साली लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेल्या कोकवर लोखंड वितळवलं. त्याआधी लोखंडासाठी जंगलंच्या जंगलं तोडावी लागत, त्यामुळे किती लोखंड काढता येईल याला मर्यादा होती. ती इथे सुटली. ती जुनी भट्टी जपून ठेवली आहे. दिसायला विटांचा काळवंडलेला खड्डा, पण त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहा.

त्याच्याच नातवानं, तिसऱ्या अब्राहम डार्बीनं, १७७९ मध्ये सेव्हर्नवर लोखंडी पूल उभा केला. एवढा मोठा ओतीव लोखंडाचा पूल जगात पहिलाच. कमान सुमारे ३० मीटर, लोखंड जवळपास ३७८ टन. १७८१ च्या पहिल्या दिवशी तो रहदारीला खुला झाला. पुलाखाली नदीकाठाला उतरून वर बघा. लोखंडाचे सांधे कसे करायचे याचा अनुभव कुणालाच नव्हता, म्हणून त्यांनी सुताराचे सांधे वापरले: कूस आणि खाच, पाचरी. माझे बाबा हातानं फर्निचर करतात. त्यांनी ते सांधे ओळखले आणि अर्धा तास तिथून हलेनात. वाटाड्या जे सांगेल त्यापेक्षा मला त्या अर्ध्या तासात जास्त कळलं. पुलाचा लालसर तपकिरी रंग अलीकडचा आहे, २०१८ च्या दुरुस्तीत जुन्या रंगाचे अंश सापडले त्यावरून तो परत दिला.

पलीकडच्या टोकाला टोलनाका आहे, त्यावरची दरांची पाटी वाचा. सैनिक, टपालगाडी, इतकंच काय, राजघराण्यातल्या माणसांनाही टोल माफ नाही, असं तिच्यावर स्पष्ट लिहिलं आहे. पूल बघायला पैसे लागत नाहीत. पुलाजवळ पार्किंग कमी आहे, साडेदहाच्या आत पोचा.

ब्लिस्ट्स हिल तिथून साधारण चार किलोमीटर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक अख्खं छोटं गाव तिथे उभं केलं आहे: बेकरी, औषधांचं दुकान, छापखाना, मेणबत्त्या करणारा, लोहार. त्या त्या पोशाखातली माणसं काम करता करता बोलतात. प्रश्न विचारायला लाजू नका, त्यांना तेच हवं असतं. आत बँक आहे, तिथे आजचे पैसे देऊन जुनी नाणी घेता येतात आणि दुकानांत खर्च करता येतात. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड हा हिशोब नातवंडांना जमेना, बाबांना मात्र लगेच जमला. त्यांनी लहानपणी आणे मोजले होते. आपल्याकडे दशमान नाणी १९५७ मध्ये आली, इंग्लंडला ती यायला १९७१ उजाडलं.

इथले रस्ते चढउताराचे आहेत. गुडघे दुखत असतील त्यांनी काठी बरोबर ठेवावी.

तिसरा दिवस: चर्च स्ट्रेटन आणि लाँग मिंड

आज काहीही "बघायचं" नाही, आज डोंगरात बसायचं. चर्च स्ट्रेटन स्टेशनवरून कार्डिंग मिल व्हॅलीच्या तोंडापर्यंत वीसेक मिनिटं चाल आहे. दरी नॅशनल ट्रस्ट या संस्थेची. मधून ओढा वाहतो, मुलं त्यात खेळतात, बाजूला चहाचं दुकान आणि स्वच्छतागृह. आई इथे सतरंजी टाकून तीन तास बसली आणि हा तिचा सगळ्यात आवडता दिवस ठरला.

चालणाऱ्यांनी लाइटस्पाउट धबधब्यापर्यंत जावं. धबधबा छोटा आहे. सह्याद्रीतला पावसाळा पाहिलेल्या माणसानं त्याच्याकडून फार मागू नये, वाट मात्र सुंदर आहे, शेवटी थोडी दगडगोट्यांची. माथ्यावर जायचं तर पोल बँक हे सर्वांत उंच टोक, ५१६ मीटर. गाडीनं बर्वे नावाच्या रस्त्यानं वर जाता येतं. हा रस्ता म्हणजे कठडा नसलेला अरुंद घाट, ज्याला घाटाची भीती आहे त्यानं चालवू नये. वर गाडी लावली की पोल बँक एखाद किलोमीटरवर, चढ सौम्य. तिथे दिशा आणि डोंगरांची नावं कोरलेली तबकडी आहे. स्वच्छ दिवशी वेल्सच्या रांगा दिसतात. रानघोडे आणि मेंढ्या मोकळ्या फिरतात, त्यांना खाऊ घालू नका. वाटेतली फाटकं जशी सापडली तशीच लावून पुढे जा. जुलैच्या शेवटी हेदरमध्ये बारीक निळी-काळी फळं दिसतात, इथले लोक त्यांना विनबेरी म्हणतात. खाल्ली की जीभ जांभळी, आणि मनात करवंदं.

कपड्यांबद्दल: वर वारा खालच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. छत्री निरुपयोगी, टोपीचं वॉटरप्रूफ जाकीट हवं. साडीवर चालेल, पण पायात बूट. नेच्याच्या झुडपांतून चालताना पायमोज्यांत विजार खोचा, कारण गोचीड चावते. संध्याकाळी पाय नीट तपासा.

समोर पश्चिमेला दिसते ती स्टायपरस्टोन्सची रांग. तिच्यावरच्या एका खडकाला सैतानाची खुर्ची म्हणतात, ढग उतरले की तो येऊन बसला असं समजायचं. त्याहून पुढे सीमेजवळ मिचेल्स फोल्ड हे पाषाणवर्तुळ, तीन हजार वर्षांहून जुनं. त्याची गोष्ट आईला भारी आवडली: दुष्काळात एक अद्भुत गाय येऊन सगळ्यांना घागरभर दूध द्यायची, अट एवढीच की माणशी एकच भांडं. एका चेटकिणीनं खाली चाळणी धरून तिचं दूध काढलं, गाय नाहीशी झाली आणि चेटकिणीचा दगड झाला. कामधेनू ऐकत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही.

चौथा दिवस: स्टोकसे आणि लडलो

सकाळी क्रेव्हन आर्म्सला उतरा. स्टोकसे कॅसल तिथून दीडेक किलोमीटर. नाव किल्ल्याचं असलं तरी हा एका व्यापाऱ्याचा वाडा. लॉरेन्स ऑफ लडलो हा लोकरीचा बडा व्यापारी, त्यानं तेराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. १२९१ मध्ये राजाकडून तटबंदीची परवानगी घेतली आणि तीनच वर्षांत लोकरीनं भरलेल्या जहाजाबरोबर बुडून मेला. मोठ्या दालनात जमिनीच्या मधोमध चूल आहे, धूर छपरातून जायचा. लाकडी जिना त्याच काळातला, अख्ख्या ओंडक्यांतून कापलेल्या पायऱ्यांचा. पिवळ्या रंगाचा, कोरीव लाकडी दरवाजा मात्र सतराव्या शतकातला. ही जागा इंग्लिश हेरिटेजकडे आहे. तासाभरात बघून होते, पण घाई नको.

दुपारी लडलो. सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवारी जा, या दिवशी किल्ल्यासमोरच्या चौकात बाजार भरतो. पाव, मध, चीज, रोपं, जुनी भांडी. सप्टेंबरात इथे खाद्यमहोत्सव असतो, तेव्हा राहायची जागा महिनोन्महिने आधी घ्यावी लागते. किल्ला नॉर्मन काळचा. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर इथेच १५०२ मध्ये वारला. तो जगला असता तर हेन्री राजा झाला नसता आणि इंग्लंडच्या चर्चचा इतिहास वेगळा असता. बाजार आणि किल्ला झाला की ब्रॉड स्ट्रीटनं खाली नदीपर्यंत चालत जा.

पास, खाणं, आणि काही बारीक गोष्टी

नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या जुन्या जागा जपणाऱ्या दोन वेगळ्या संस्था आहेत. एकाचं कार्ड दुसरीकडे चालत नाही. तुम्ही इथे राहत असाल तर एकाचं वर्षाचं सभासदत्व घ्या, परदेशातून आलेल्यांसाठी थोड्या दिवसांचे पास असतात.

शाकाहारींना अडचण येत नाही, पण विचारून घ्या. फिजेट पाय या स्थानिक पदार्थात सफरचंदाबरोबर डुकराचं मांस असतं. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (वासराच्या जठरातून काढलेलं विरजण) असू शकतं, वेष्टनावर "शाकाहारी" असा शब्द शोधा. गंमत म्हणजे श्रॉपशर ब्लू हे केशरी-निळं चीज मूळचं श्रॉपशरचं नव्हे, ते आधी स्कॉटलंडमध्ये बनलं. अनेक पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात ती सहाला उघडतात, त्यामुळे जेवण दीडच्या आत उरका. आम्ही थर्मासमध्ये चहा आणि डब्यात मेथीचे ठेपले नेतो. रविवारी खेड्यांतल्या बस जवळपास नसतातच.

पाचवा दिवस मिळाला तर मच वेनलॉक. इथल्या विल्यम पेनी ब्रुक्स या डॉक्टरनं १८५० मध्ये गावच्या ऑलिंपियन स्पर्धा सुरू केल्या. १८९० मध्ये आधुनिक ऑलिंपिकचा जनक कुबर्तां त्या पाहायला आला, आणि आधुनिक ऑलिंपिक १८९६ मध्ये अथेन्सला भरलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या शुभंकराचं नाव 'वेनलॉक' होतं ते यामुळेच. किंवा रीकिन हा ४०७ मीटरचा एकटा डोंगर चढा. श्रूजबरी बुडवायला निघालेल्या राक्षसाला वाटेत एक चांभार भेटला. त्यानं पोतंभर झिजलेले जोडे दाखवले, म्हणाला, तिथून येईपर्यंत एवढे झिजले. राक्षसानं कंटाळून फावड्यातली माती तिथेच टाकली, तोच हा डोंगर. लांबण लावून बोलणाऱ्याला इथे "रीकिनला वळसा घालतोय" म्हणतात. आपण ज्याला द्राविडी प्राणायाम म्हणतो तोच प्रकार.

परतीच्या गाडीला अर्धा तास लवकर या. श्रूजबरी स्टेशनचे फलाट काही अंशी नदीवरच बांधले आहेत, टोकाला गेलं की खाली सेव्हर्न दिसते. तिथूनच रुळांच्या मध्ये एक मोठी सिग्नल केबिन दिसते, १९०३ सालची, १८० लिव्हरची. हातानं खटके ओढून चालणारी इतकी मोठी केबिन आज जगात दुसरी नाही. आमची गाडी येईपर्यंत बाबा तिच्याकडे बघत फलाटाच्या टोकाशी उभे होते.